सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा आणि त्यामागचा ऑक्सिजन सेन्सर (इंजिनाच्या धुरात ऑक्सिजन उरला का हे पाहणारा) याविषयी या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतले निवडक प्रश्न घेतले आहेत. गाडी वॉरंटीत असेल तर यातले काहीही घरी करू नका, सरळ सर्व्हिस सेंटरला न्या.

प्रश्न : माझी २०१४ची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी १ लाख १० हजार किमी चालली आहे. दिवा लागला म्हणून स्कॅनर लावला तर पी०१३५ हा कोड आला. गॅरेजवाले दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगतात. खरंच दोन्ही बदलावे लागतील का? (पुणे)

या कोडवरून तरी नाही. तुमच्या गाडीत दोन सेन्सर आहेत. एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आधी, मॅनिफोल्डजवळ, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांजवळ. तो सेन्सर १. दुसरा कन्व्हर्टरच्या मागे, सायलेन्सरच्या शेपटीकडच्या बाजूला. तो सेन्सर २. पी०१३० ते पी०१३५ हे कोड पहिल्याचे आणि पी०१३६ ते पी०१४१ दुसऱ्याचे. पी०१३५ एवढेच सांगतो की पहिल्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे.

सेन्सरमधले झिरकोनियाचे सिरॅमिक ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही. गाडी सुरू झाल्यावर ते लवकर तापावे म्हणून आत हीटर असतो. तो गेला तर गाडी गरम झाल्यावर ठीक चालते, पण थंड असताना बराच वेळ इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) अंदाजाने पेट्रोल सोडत राहतो. शहरात जवळच्या जवळ फिरणाऱ्यांचा अॅव्हरेज त्यामुळे पडतो. हायवेवर मात्र फरक जाणवतही नाही.

पैसे घालवण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली फ्यूज. अनेक गाड्यांत दोन्ही सेन्सरच्या हीटरना एकच फ्यूज असतो, म्हणून पी०१३५ आणि पी०१४१ (दुसऱ्याच्या हीटरचा) एकदम आले तर फ्यूज किंवा रिले यांच्यावर आधी संशय घ्या. दुसरी वायर. पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर शिरतात आणि नेमक्या याच वायरी कुरतडतात. कपलरपासून (सेन्सरची वायर जिथे गाडीच्या वायरीला जोडते त्या प्लगपासून) मागे हात फिरवत पाहा. तिसरा खुद्द हीटर. इंजिन थंड असताना कपलर सोडवा आणि सेन्सरच्या बाजूच्या हीटरच्या दोन पिनांवर मल्टीमीटर ओहमवर ठेवून लावा. एकाच रंगाच्या दोन वायरी बहुधा हीटरच्या असतात. साधारण ३ ते १५ ओहमच्या मध्ये आकडा आला तर हीटर शाबूत आहे. मीटरने काहीच आकडा दाखवला नाही तर आतली तार तुटली आहे, सेन्सर बदलायचाच. हीटर ठीक निघाला तर चावी ऑन करून गाडीच्या बाजूच्या कपलरमध्ये १२ व्होल्ट येतात का पाहा (काही गाड्यांत इंजिन सुरू असतानाच येतात). हीटरची दुसरी वायर इसीयू अर्थ करतो. ती स्वतः बॉडीला जोडून पाहू नका.

दुसरा सेन्सर कन्व्हर्टरमधून आलेल्या स्वच्छ आणि थोड्या थंड धुरात बसतो, त्यामुळे तो बहुधा जास्त टिकतो. त्याचा कोड नसेल तर त्याला हात लावायचे कारण नाही.

प्रश्न : पहिला सेन्सर गेला आहे हे तपासून नक्की केले. आता तो घरीच बदलायचा आहे. कोणती हत्यारे लागतील आणि काम कोणत्या क्रमाने करावे? (रत्नागिरी)

हत्यारे मोजकी आहेत. २२ मिमीची ऑक्सिजन सेन्सरची गोटी (सॉकेट), म्हणजे वायर बाहेर काढण्यासाठी बाजूने चीर असलेली. अर्धा इंची रॅचेट आणि लांब दांडा. गंज सोडवणारे पेनिट्रेटिंग तेल. जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि जमल्यास टॉर्क पाना. काही गाड्यांत २२चा रिंग पाना वायरीवरून सरकवूनही काम होते. साधा फिक्स पाना वापरू नका. तो फक्त दोन कडांवर जोर देतो आणि जाम झालेल्या सेन्सरच्या कडा गोल करतो.

नवा सेन्सर घेताना गाडीचे मॉडेल, साल आणि इंजिन यांवर न थांबता जुन्या सेन्सरच्या अंगावरचा नंबर जुळवा. बॉश, डेन्सो, एनटीके यांचे सेन्सर गाडीच्या मूळ कपलरसह मिळतात. वायरीची लांबीही जुळली पाहिजे. आखूड वायर ताणली जाते, लांब वायर लोंबून गरम पाइपला चिकटते. बीएस-६ गाड्यांपैकी काहींत पहिला सेन्सर वाइडबँड प्रकारचा असतो, पाच वायरींचा आणि सहा पिनांच्या कपलरचा. त्याच्या जागी साधा चार वायरींचा चालत नाही, उलटही चालत नाही.

मॅनिफोल्ड समोरच्या बाजूला असेल तर बॉनेट उघडून उष्णतेचा पत्रा काढला की सेन्सर समोर येतो. मॅनिफोल्ड मागे असेल तर खालून जावे लागते. तेव्हा सपाट फरशी, हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे आणि गाडीखाली दोन जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालू नका, दोन मिनिटांसाठीही नाही.

आदल्या रात्री, इंजिन पूर्ण थंड असताना, सेन्सरच्या मुळाशी जिथे आटे दिसतात तिथे पेनिट्रेटिंग तेल मारून ठेवा. समुद्राकाठच्या हवेत आटे जास्त धरतात, म्हणून ही पायरी तुमच्यासाठी महत्त्वाची. तेल पेट घेणारे असते, गरम पाइपवर कधीही फवारू नका. सकाळी इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करा. पाइप कोमट झाला की आटे सैल सुटतात. पाइप लाल-तापलेला असताना घाई केली तर हात भाजेल आणि आटेही खरवडतील.

बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल काढा. कपलरचे लॉक दाबून सोडवा. वायर धरून ओढू नका. वायर कुठून कशी गेली आहे, कोणत्या क्लिपमध्ये बसली आहे याचा फोटो काढून ठेवा. मग गोटी पूर्ण खालपर्यंत बसवून डावीकडे एकसारखा जोर द्या. एकदा सुटला की हाताने फिरवून काढा.

जुन्या सेन्सरचे टोक टाकण्याआधी पाहा, त्यावरून इंजिनाची तब्येत कळते. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त जात आहे. तेलकट, तपकिरी-राखाडी थर असेल तर इंजिन ऑइल जळत आहे. खडबडीत पांढरा थर सिलिकॉनचा किंवा कूलंटचा असतो. असे काही दिसले तर आधी ते कारण दूर करा, नाहीतर नवा सेन्सरही तसाच मरेल.

नवा सेन्सर बसवेपर्यंत त्याचे टोपण काढू नका आणि टोकाला हात लावू नका. जमिनीवर आपटलेला सेन्सर बसवू नका. आतले सिरॅमिक तडकलेले असू शकते आणि ते बाहेरून दिसत नाही. बहुतेक नव्या सेन्सरच्या आट्यांवर अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट आधीच लावलेली असते. नसेल तर फक्त आट्यांवर पातळ थर द्या. टोकाच्या भोकांपर्यंत ती जाता कामा नये. सेन्सर हातानेच चार-पाच फेरे आत गेला पाहिजे. सुरुवातीलाच अडखळला तर पाना लावू नका, काढून पुन्हा सरळ धरा. आटे मारले गेले तर पुढचा खर्च सेन्सरपेक्षा मोठा असतो.

माप सहसा एम१८ गुणिले १.५ असते आणि घट्ट करायचा टॉर्क साधारण ४० ते ४५ न्यूटन-मीटर. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. टॉर्क पाना नसेल तर वॉशर टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि पुढे पान्याने सुमारे अर्धा फेरा. कपलर शेवटी जोडा, म्हणजे वायरीला पीळ पडत नाही. क्लिपा जागच्या जागी लावा आणि उष्णतेचा पत्रा न विसरता बसवा.

बॅटरी जोडून कोड स्कॅनरने पुसा. सुरुवातीची काही मिनिटे थोडा धूर आणि वास येईल, तो पाइपवर सांडलेल्या तेलाचा. इंजिन पूर्ण तापल्यावर रेस २५०० आरपीएमवर धरून स्कॅनरवर पहिल्या सेन्सरचा व्होल्टेज पाहा. साधा झिरकोनिया सेन्सर असेल तर आकडा ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत खाली-वर झाला पाहिजे.

प्रश्न : सेन्सर काढून पेट्रोलमध्ये बुडवून, ब्रशने घासून पुन्हा वापरता येतो असे व्हिडिओत पाहिले. करावे का? (सातारा)

नको. वरची काजळी सेन्सर तापल्यावर तशीही जळून जाते. सेन्सर मरतो तो सिरॅमिकवरच्या प्लॅटिनमच्या थरात शिसे, फॉस्फरस किंवा सिलिकॉन मुरल्याने, नाहीतर हीटरची तार तुटल्याने. दोन्ही घासून बरे होत नाही, आणि तारेचा ब्रश टोकाची बारीक भोके बुजवतो. दीड लाख किमीच्या आसपास चाललेला सेन्सर सुस्त झाला असेल तर बदलणे हाच उपाय.

प्रश्न : बाहेरून सीएनजी किट बसवलेली गाडी आहे. पी०१७१ आला म्हणून पहिला सेन्सर बदलला, आठवड्यात तोच कोड परत आला. नवा सेन्सर खराब निघाला का? (नाशिक)

शक्यता फार कमी. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन आहे, हवा जास्त आणि इंधन कमी. हे सेन्सरने सांगितले, म्हणजे तो काम करत आहे. साक्षीदाराला बदलून गुन्हा नाहीसा होत नाही. या एका कोडपायी चांगले सेन्सर फेकले जातात, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी सेन्सरच्या अलीकडचा, मॅनिफोल्डकडचा भाग पाहा. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा पाइपच्या तड्यातून धूर बाहेर येत असेल तर दोन झटक्यांच्या मध्ये बाहेरची हवा आतही ओढली जाते. तिच्यातला ऑक्सिजन पाहून सेन्सर मिश्रण लीन आहे असे सांगतो आणि इसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केल्यावर मॅनिफोल्डजवळ टिक-टिक आवाज येतो का ऐका आणि जोडांवर काळे डाग आहेत का पाहा.

मग स्कॅनरवर फ्युएल ट्रिम वाचा, म्हणजे इसीयू इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा : शॉर्ट त्या क्षणाचा, लाँग साठवून ठेवलेला. शॉर्ट आणि लाँग मिळून बेरीज साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असावी. आयडलला (रेस न देता) बेरीज अधिक २० आणि २५०० आरपीएमला ती ५-७ वर उतरत असेल तर कुठेतरी व्हॅक्यूम गळत आहे : फाटलेला होज, इनटेकचे गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी. उलट आयडलला ठीक आणि रेस दिली की बेरीज चढत असेल तर इंधन पुरत नाही : फ्युएल पंप, फिल्टर, इंजेक्टर.

तुमच्याकडे दोन इंधने आहेत, हा निदानासाठी फायदाच आहे. हीच तपासणी आधी पेट्रोलवर आणि मग सीएनजीवर करा. पेट्रोलवर आकडे ठीक आणि फक्त गॅसवर चढत असतील तर बिघाड किटमध्ये आहे : गॅसचा फिल्टर तुंबला आहे, रिड्यूसरचा दाब उतरला आहे, गॅसचे इंजेक्टर झिजले आहेत किंवा किटचे मॅपिंग पेट्रोलच्या इंजेक्शनशी जुळलेले नाही. हे किट बसवणाऱ्याने लॅपटॉप लावून दुरुस्त करायचे काम आहे. तोपर्यंत लाँग ट्रिम बिघडलेला राहतो आणि पेट्रोलवर गेल्यावर गाडी जड वाटते.

मध्यंतरी गॅस्केटला साधे सिलिकॉन लावले होते का, हेही आठवून पाहा. त्याची वाफ सेन्सरला विष ठरते. डब्यावर ऑक्सिजन सेन्सरला सुरक्षित असे स्पष्ट लिहिलेलेच वापरा.

प्रश्न : पी०४२० येतो. दुसऱ्या सेन्सरखाली स्पेसर टाकला की दिवा जातो आणि कन्व्हर्टरचा खर्च वाचतो, असे मेकॅनिक म्हणतो. (कोल्हापूर)

दिवा जाईल, दोष जाणार नाही. चांगला कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, म्हणून त्याच्या मागच्या सेन्सरचा आकडा ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो. तो पुढच्या सेन्सरसारखाच नाचू लागला की इसीयू पी०४२० देतो. स्पेसरमुळे सेन्सर धुराच्या प्रवाहातून बाहेर सरकतो आणि त्याला हे कमी दिसते, एवढेच.

पीयूसीला मात्र धूरच मोजला जातो. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांना आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. सुमारे २५०० आरपीएमला कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के, आणि लॅम्डा (हवा-इंधनाचे प्रमाण आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे तो आकडा) ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो. स्पेसरने यातला एकही आकडा बदलत नाही, आणि तो धूर आपल्याच गल्लीतल्या मुलांच्या नाकात जातो. आमचा सल्ला स्पष्ट आहे : स्पेसर टाकू नका.

कन्व्हर्टर घेण्याआधी मागच्या सेन्सरच्या जवळ जोड गळत नाही ना ते पाहा. कन्व्हर्टर का मेला तेही शोधा. प्लग किंवा कॉइलच्या मिसिंगमुळे न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन जळते आणि आतली जाळी वितळते. मिसिंग तशीच ठेवून नवा बसवला तर तोही जाईल.

प्रश्न : इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. माझ्या गाडीचा सेन्सर इतका धरला आहे की चिरेची गोटी फाकली, सेन्सर हलला नाही. (टोरांटो)

चिरेची गोटी जास्त जोरात फाकतेच. जुना सेन्सर टाकूनच द्यायचा आहे, तेव्हा त्याची वायर मुळाशी कापा आणि सहा कोनांची बंद २२ची खोल गोटी पूर्ण खाली बसवा. बारा कोनांची नको, ती कडा घासते. दोन-तीनदा, मध्ये काही तास ठेवून, पेनिट्रेटिंग तेल मारा. मग लांब दांडा लावून आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने दाब द्या आणि नंतर सैल करा. अर्धा फेरा सुटून पुन्हा कुरकुरला तर ओढत राहू नका. परत आत घ्या, तेल द्या, पुन्हा बाहेर. असे पुढे-मागे करत काढलेल्या सेन्सरचे आटे बहुधा वाचतात.

निघाल्यावर एम१८ गुणिले १.५चा आटे साफ करायचा टॅप, त्याच्या खाचांत ग्रीस भरून, हाताने फिरवा म्हणजे कीस पाइपात पडत नाही. आटे गेलेच असतील तर वर्कशॉपमध्ये नवा बंग (सेन्सर ज्यात बसतो ते आट्यांचे कडे) वेल्ड करून घ्यावा लागेल. वेल्डिंगआधी बॅटरी आणि उरलेला सेन्सर सोडवायला सांगा. गॅसच्या ज्योतीने बंग तापवणे हा उपाय खात्रीचा आहे, पण शेजारी इंधनाच्या नळ्या असतात. घरी करू नका.

प्रश्न : मूळ कपलरचा सेन्सर महाग आहे. कपलर नसलेला युनिव्हर्सल सेन्सर घेऊन जुन्या वायरी सोल्डर केल्या तर? (नागपूर)

युनिव्हर्सल चालतो, सोल्डर चालत नाही. सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि अनेक सेन्सरमध्ये ती वायरीच्या तारांमधून आत जाते. सोल्डरने किंवा कपलरमध्ये भरलेल्या ग्रीसने ती वाट बुजते आणि आकडे हळूहळू चुकू लागतात. सोबत आलेले क्रिंप वापरा, त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवा, आणि चारही जोड थोडे पुढे-मागे ठेवा म्हणजे एकमेकांना टेकणार नाहीत.

रंग नीट पाहा. बॉश आणि एनटीकेच्या चार वायरींच्या सेन्सरमध्ये सहसा दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी सिग्नलच्या अर्थची असते. डेन्सोत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी अर्थची. एका पद्धतीच्या गाडीत दुसऱ्याचा सेन्सर रंगाला रंग लावून जोडला तर हीटरचे १२ व्होल्ट सिग्नलच्या वायरीत जाऊन इसीयू जळू शकतो. पहिल्यांदाच हे काम करत असाल तर मूळ कपलरचाच घ्या.

प्रश्न : ई२० पेट्रोलने ऑक्सिजन सेन्सर खराब होतो का? (छत्रपती संभाजीनगर)

सेन्सर खराब होत नाही. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, ई१० म्हणजे १० टक्के. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, ई२०ला सुमारे १३.५. सेन्सर हे प्रमाण मोजत नाही, जळून झाल्यावर ऑक्सिजन उरला की नाही एवढेच पाहतो. त्यामुळे इथेनॉल वाढले तरी तो योग्यच सांगतो आणि इसीयू इंधन वाढवून घेतो. ई१०वर चाललेल्या गाडीत ई२० भरल्यावर लाँग ट्रिम ४-५ टक्क्यांनी चढलेला दिसेल. तो बिघाड नव्हे. आधीच अधिक १२-१५ वर असलेल्या गाडीत मात्र हीच भर पडून पी०१७१ येतो. अशा वेळी वर नाशिकच्या वाचकांना सांगितलेली तपासणी करा.

प्रश्न : पावसात गुडघाभर पाण्यातून गाडी काढल्यावर दुसऱ्या दिवसापासून दिवा लागला. (ठाणे)

तापलेल्या सेन्सरवर गार पाणी पडले की आतले सिरॅमिक तडकू शकते. पण आधी कपलर उघडून पाहा. आत पाणी किंवा हिरवट गंज असेल तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन पूर्ण वाळवा, रबरी सील फाटले नसल्याची खात्री करा आणि कोड पुसा. थंड गाडी सुरू करून दोन-तीन दिवस चालवल्यावर तोच कोड परत आला तर सेन्सर बदला.